‘एक इंची’ इन्सुलेटेड अंडरग्राउंड पाइपला एक इंची फिटिंग बसत नाही. काय करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेत मिनेसोटात गावाबाहेर घर घेतलंय, लाकडावर चालणारा बॉयलर घरापासून ११० फुटांवर बसणार आहे आणि मधल्या चरातून फोम भरलेला दुहेरी पाइप न्यायचा आहे. पाइप ‘एक इंची पेक्स’ (गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) म्हणून विकत घेतला, पण एक इंची क्रिम्प फिटिंग (वरून रिंग दाबून बसवायचं) आत सैल खुळखुळतंय आणि तांब्याची रिंग बाहेरून चढतच नाही. पाइप १०० फुटांचाच आहे, म्हणून एक जोड जमिनीत गाडायचा विचार आहे. आणि पुण्याहून आणलेली पितळी निपलं चालतील का, हेही विचारलंय.

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये राहतो. शेडमधल्या बॉयलरपासून घरापर्यंत अशीच लाइन मी स्वतः टाकली आहे आणि नंतर ओळखीच्या चार-पाच घरी हेच काम केलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा पाइप खराब नाही, फिटिंगही खराब नाहीत. फिटिंग आत सैल आणि रिंग बाहेर घट्ट, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पाइप मेट्रिक मापाचा आहे हे जवळपास नक्की. अमेरिकेत दुकानात मिळणारा एक इंची पेक्स तांब्याच्या पाइपाच्या मापावर बनतो. त्याला सीटीएस म्हणतात. त्याचा बाहेरचा व्यास सव्वा इंचाला थोडा कमी, १.१२५ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर असतो आणि आतलं भोक साधारण २२ मिलिमीटर. युरोपी मापाचा पाइप बाहेरून ३२ मिलिमीटर असतो, भिंत २.९ मिलिमीटरची, म्हणजे आतलं भोक २६.२. भोक एक इंचाच्या आसपास भरतं म्हणून विकणारा त्याला ‘एक इंची’ म्हणतो, आणि एका अर्थी ते खोटंही नाही. पण तुमची रिंग २८.६ साठी केलेली. ती ३२ वर कशी चढेल?

म्हणून आधी व्हर्नियर घ्या. नसेल तर पंधरा-वीस डॉलरचा साधा डिजिटल कॅलिपरही पुरतो. पाइपाचं टोक काटकोनात कापा, फोमचा चुरा पुसून काढा आणि एकाच जागी दोन आडव्या-उभ्या दिशांनी माप घ्या, कारण वेटोळ्यातून सुटलेला पाइप थोडा अंडाकृती झालेला असतो. मग पाइपावरची छापील ओळ वाचा. बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की ती नीट दिसते. ‘३२ × २.९’ आणि ‘एसडीआर ११’ (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) असं असेल तर मेट्रिक. ‘सीटीएस’ आणि ‘एसडीआर ९’ असेल तर अमेरिकी. पेक्सचा प्रकार ‘पीईएक्स-ए’ की ‘बी’ हेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि ईव्हीओएच या ऑक्सिजन रोखणाऱ्या थराचा उल्लेखही.

आता एक मोह टाळा. एक इंची सैल पडतंय तर सव्वा इंची सीटीएस फिटिंग आणून बघू, असं मनात येईल. त्या पाइपाचा बाहेरचा व्यास ३४.९ मिलिमीटर असतो, ते फिटिंग तुमच्या पाइपात जाणारच नाही. हीट गन मारून पाइप फुगवायचा आणि होज क्लॅम्प आवळायचे, हा प्रकारही लोक करतात. पाणी ८० अंश सेल्सियसचं असतं आणि पाइप रोज गरम-गार होत राहतो. असा जोड पहिल्या हिवाळ्यात टिकला तरी दुसऱ्यात दगा देतो.

तुम्हाला हवीत ३२ × २.९ साठीची फिटिंग्ज, दुसऱ्या टोकाला एक इंची एनपीटी (अमेरिकी मापाचे) आटे असलेली. ज्या कंपनीचा पाइप तिचीच फिटिंग घेतली तर उत्तम, कारण भिंतीची जाडी आणि पाइपात शिरणाऱ्या पुंगळीचा व्यास त्यांनी जुळवलेला असतो. दोन प्रकार मिळतील. एक कॉम्प्रेशन: नट, मधे चिरलेली रिंग आणि ओ-रिंग चढवलेली पुंगळी. दोन पाने असले की काम होतं. दुसरा सरकत्या स्लीव्हचा: पाइपाचं तोंड हत्याराने फुगवून पुंगळीवर बसवायचं आणि पितळी स्लीव्ह वरून दाबत आणायची. हा जास्त भरवशाचा, पण हत्यार भाड्याने आणावं लागतं. तुमचे चार जोड घरात आणि बॉयलरपाशी, डोळ्यासमोर राहणार असतील, तर कॉम्प्रेशन पुरेसं आहे. वर्षातून एकदा, हिवाळा सुरू व्हायच्या आधी, पाना लावून बघायचं. गरम-गार होताना प्लॅस्टिक थोडं दबतं आणि नट पाव फेरा घेतो.

या सगळ्यात तुमचा एक फायदाच झालाय. २६ मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ २२ च्या भोकापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. मिनिटाला १० गॅलन पाणी फिरलं आणि जाता-येता २० अंश फॅरनहाइटचा फरक पडला, तर ताशी एक लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) घरात येतात. अमेरिकी एक इंची पाइपातून एवढं पाणी ढकलताना पंप दमतो. तुमच्या पाइपात तो बराच सुखात चालेल. म्हणून पाइप परत करू नका. परत करायचाच असेल तर तो फक्त लांबीसाठी.

तुमचा लांबीचा हिशोब मात्र चुकतोय. ११० फूट हे सरळ अंतर झालं. दोन्ही टोकांना चरातून वर यायचंय, भिंतीतून आत शिरायचंय, वळण घ्यायचंय, शिवाय जोडताना हाताशी थोडी जास्तीची लांबी हवी. म्हणजे १२५ फूट धरा. तुम्हाला १० नाही, २५ फूट कमी पडतायत. बॉयलरचा चौथरा अजून ओतला नसेल तर आधी विचारा, तो घराकडे सरकवता येईल का. बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये आणि तुमच्या टाउनशिपच्या नियमांत घरापासूनचं किमान अंतर दिलेलं असेल, ते सांभाळून. ते जमत नसेल तर १०० फुटांचं वेटोळं बदलून अखंड १२५ फूट मागा.

जोड जमिनीत गाडू नका. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्याही लाइनला १२ फूट कमी पडले होते. विक्रेता म्हणाला, कॉम्प्रेशन कपलर लावा, वर फोमची नळी गुंडाळा, काही होत नाही. पहिला हिवाळा नीट गेला. दुसऱ्या फेब्रुवारीत सकाळी दार उघडलं तर अंगणभर फूटभर बर्फ आणि बरोबर त्या जोडावर परातीएवढं गोल, काळं, ओलं गवत. बाकीच्या लाइनवर बर्फ जसाच्या तसा होता, म्हणजे पाइपाचं इन्सुलेशन चोख काम करत होतं. गळत होता तो फक्त जोड. त्या गोलाच्या बाहेरची जमीन इतकी गोठलेली की कुदळ आपटली की उडून परत यायची. उघडलं तेव्हा नट अर्धा फेरा सैल झालेला आणि दोन्ही बाजूंच्या फोममध्ये हातभर आत पाणी मुरलेलं. पाण्याने भिजलेला फोम कापून टाकावा लागतो, तो पुन्हा उष्णता धरत नाही. म्हणजे १२ फुटांची बचत करायला गेलो आणि आणखी सहा फूट गेले. घरात लेकरं, बाहेर उणे २२, आणि दोन दिवस इलेक्ट्रिक हीटरवर काढले. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

अगदीच इलाज नसेल तर सरकत्या स्लीव्हचा जोड करा आणि त्यावर पाइप-कंपनीचा जोड-संच बसवा. त्यात दोन अर्धी कवचं असतात, आत दोन द्रव मिसळून ओतायचा फोम असतो आणि कडांना गरम करून आवळणाऱ्या पट्ट्या. नाहीतर झाकणाचा चेंबर बांधा, म्हणजे जोड उघडून बघता येईल.

आता टोकाची जोडणी. इथे क्रम चुकला की सगळं उलटं काढावं लागतं. बाहेरचं काळं जॅकेट गोल कापायचं, पण सुरी आतल्या पेक्सपर्यंत जाऊ द्यायची नाही. मी सुरीच्या पात्याला टेप गुंडाळून तेवढंच टोक उघडं ठेवतो. पेक्सवर ओरखडा पडला तर तो भाग कापून टाका, त्यावर फिटिंग चढवू नका. फोम हाताने आणि लाकडी पट्टीने खरवडून काढा. मग सगळ्यात आधी रबरी टोपी चढवा, दोन पायांची, पायजम्यासारखी दिसते ती. त्यानंतर नट, मग रिंग, शेवटी पुंगळी. टोपी विसरून फिटिंग आवळलं तर ती नंतर जात नाही, आणि टोपी नसलेल्या फोममध्ये तळघराची दमट हवा शिरते. दोन्ही पाइप एकाच रंगाचे असतील तर एका टोकातून फुंकर मारून दुसऱ्या टोकाला कोणता आहे ते बघा आणि लाल-निळी टेप लावा.

उघडा पेक्स आणि बॉयलर यांच्यामध्ये निदान १८ इंच धातूचा पाइप ठेवा. दोन्ही टोकांना बॉल व्हॉल्व्ह, त्यामागे युनियन (उघडता येणारा जोड) आणि पाणी काढायची तोटी. शिवाय पाइप जिथे भिंतीतून आत येतो तिथे तो क्लॅम्पने भिंतीला पक्का धरा. मोकळा पेक्स १०० फुटांना दर १० अंश फॅरनहाइटमागे सुमारे १.१ इंच वाढतो. ५० वरून १८० अंशांवर गेला की हिशोबाने १४ इंच. फोम आणि माती त्याला बरंच धरून ठेवतात, पण राहिलेला जोर टोकांवर येतो आणि तो फिटिंगने सोसायचा नसतो.

पुण्याच्या निपलांबद्दल: इथे वापरू नका. आपल्याकडचे आटे बीएसपी असतात, इथले एनपीटी. एक इंची बीएसपीला इंचात ११ आटे, एनपीटीला साडेअकरा. दोन-तीन फेरे जातात आणि अडकतं. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे १४ आटे आहेत, म्हणून ते जास्त फसवं. हाताला बसल्यासारखं वाटतं, पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. सूत-सफेदा कितीही भरला तरी गरम पाण्यावर ते कधीतरी पाझरणारच. आणि एनपीटीला टेप-पेस्ट लावा, कॉम्प्रेशनच्या नटाच्या आट्यांना नाही. तिथे पाणी ओ-रिंग अडवते, आटे नाहीत.

खणण्याआधी ८११ ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनी ते फुकट आखून देतात. मिनेसोटाच्या बांधकाम कोडमध्ये पायासाठी गोठण्याची खोली दक्षिणेत ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच धरतात. चालू लाइन त्याच्या वर असली तरी गोठत नाही. पण डिसेंबरात सगळे मिळून महिनाभर भारतात जाणार असाल आणि मागे लाकूड टाकायला कोणी नसेल, तर बंद लाइनचा विचार करा. एक तर खोल न्या, नाहीतर पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) घाला. पेक्स एकवेळ फुगून वाचतो, पितळी फिटिंग वाचत नाही.

चर बुजवण्याआधी पाण्याने दाब देऊन एक रात्र ठेवा. पहिल्या तासात काटा थोडा उतरेल, घाबरू नका, पेक्स ताणतो. पुन्हा पंप मारा आणि मग बघा. पाइपाखाली आणि वर चार-चार इंच वाळू, मग माती, फूटभर खाली पिवळी इशाऱ्याची टेप. आणि उघड्या चराशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. घराच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर, किती खोल, हे मी तळघराच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवलंय. पाइपावरची छापील ओळ वाचली की इथे खाली लिहा, म्हणजे कोणतं फिटिंग मागवायचं ते नेमकं सांगतो.