दारापर्यंत

चिरंजीव मास्तर, अनेक आशीर्वाद.

तालुका पातळीच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या संघातल्या बारापैकी पाच मुलींनी 'घरचे नको म्हणतात' असं सांगितलं. खो-खोला नऊ जणी मैदानात लागतात, उरल्या सात, संघ मोडला. तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात बुटांचा हिशेब आहे, टी-शर्टांचा आहे, बेंगळूरचा मित्र पाठवणार त्या पैशांचाही आहे. त्या पाच घरांविषयी एक ओळ नाही. गेलायस का तिथं? एकदा तरी?

बूट मागाहून घे. माझ्या संघातल्या मुली अनवाणी खेळल्या आणि जिंकल्या. (हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही, पाय सोलवटून निघायचे. बूट घेच, पण मागाहून.) आधी दारापर्यंत जा. आणि सामना झाला की प्रत्येकीला दारापर्यंत सोडून ये. फाट्यापर्यंत नव्हे, मारुतीच्या देवळापर्यंत नव्हे. 'सरळ रस्ता हाय, जातो आम्ही' असं त्या म्हणाल्या तर मुळीच ऐकू नकोस.

तू म्हणशील, आता बस फुकट आहे. आहे खरी. 11 जून 2023 पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत इथल्या बायका-मुलींना तिकीट नाही, आमच्या वेळी हे असतं तर माझा निम्मा पगार वाचला असता. एवढं मात्र बघून ठेव, चंदगडकडची एखादी मामाकडे शिकायला राहिलेली असेल तर तिच्या आधारकार्डावर पत्ता महाराष्ट्राचा असतो, तिचं तिकीट काढावं लागतं. ते गुपचूप काढ, पोरींसमोर तिला परकी करू नको. पण बस सोडते फाट्यावर. फाटा ते घर हा जो तुकडा आहे ना, आई घाबरते ती त्याला. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुला सांगायला नको, सामने नेमके त्याच दिवसांत येतात. अंधारात अस्वलाची भीती असतेच. त्याहून मोठी भीती लोकांच्या तोंडाची.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. एका वर्षी आम्ही बेळगावहून भाड्याच्या ट्रॅक्सनं परतत होतो. वाटेत टायर बसला, आठ वाजून गेले. माझा मुलगा चार वर्षांचा, घरी तापानं फणफणलेला. सगळ्यांना घरी पोचवलं, शेवटची एकटी राहिली. तिच्या वस्तीकडे चिखल होता, ट्रॅक्सवाला आत यायला तयार नव्हता. ती म्हणाली, जाते मी. मी जाऊ दिलं. गावातलाच एक पोरगा सायकलवरून चालला होता, त्यानं तिला मागं बसवून घरी सोडलं. काही झालं नाही. अगदी काहीच झालं नाही. पण दुकानाच्या कट्ट्यावर चार माणसं बसलेली होती. सोमवारी ती शाळेत आली नाही. तुळशीची लग्नं झाली आणि तिचंही उरकलं. नववीत होती. खांबाला वळसा घालताना अशी वाकायची की पाठलाग करणारी पुढं निघून जायची.

ट्रॅक्सवाला आला असता तर? जोडीला शाळेनं एखादा माणूस दिला असता तर? बत्तीस वर्षांत एकदा चुकले. असं मी मला सांगत आले, आता तुलाही सांगितलं. तिच्या आईच्या दारात मात्र मी आजवर गेलेली नाही.

तू जा. तू बाप्या माणूस, एकटा जाऊ नकोस. दुपारचं जेवण शिजवणाऱ्या अक्कांना सोबत घे, त्यांना सगळी घरं ओळखतात. पाळीच्या दिवसांचं, कपड्यांचं बोलणं त्याच करतील. अर्ध्या चड्डीवर अडून बसू नकोस, सरावाला सलवार चालते. 'मुलीत गुण आहेत, तिला पुढं पाठवा' हे भाषण देऊ नकोस. विचार, ही नसली की घरचं कुठलं काम अडतं? कुणी पाणी म्हणेल, कुणी धाकटं भावंड, कुणी जनावरं. त्यावरून सरावाची वेळ ठरव. रोपलावणीच्या दिवसांत तर सराव ठेवूच नकोस. पोरी चिखलात वाकून वाकून आलेल्या असतात, तू आणि कुठं पळवतोस त्यांना?

तुरमुरीच्या मलप्रभा जाधवचा फोटो वर्गात लावलास, ते बरं केलंस. आपल्या बेळगावजवळची पोर 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्या खेळात, ब्राँझ मिळवते, हे मुलींना दिसायलाच हवं. पण आया वर्गात येत नाहीत रे. त्यांना फोटो दिसत नाही, त्यांना तू दिसला पाहिजेस. रात्री साडेआठला, ओल्या अंगानं, त्यांच्या पोरीच्या मागं चार पावलांवर. एकदा दिसलास की पुढच्या वर्षी त्या स्वतःहून 'सर, आमची हाय न्हवं संघात?' म्हणून विचारतील. मला विचारलंय.

नोकरी सोडायचं लिहिलंयस, त्यावर मी काही बोलत नाही. अतिथी शिक्षकाचा पगार किती आणि तो येतो कधी, मला ठाऊक आहे. पण सोडण्याआधी ती पाच घरं कर. या रविवारी कर, पत्राचं उत्तर त्यानंतर.

बॅटरी चांगली घे, मोबाईलच्या उजेडावर विसंबू नकोस. आणि खिशात बिस्किटं ठेव, वस्तीवरची कुत्री अंगावर येतात.

तुझी,
टीचर