उजव्या हाताचं दुखणं डाव्या हातात

वाचकांचे प्रश्न : गिटार

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अडीच वर्षांपासून जिप्सी जॅझची, म्हणजे पॅरिसच्या जिप्सी वादकांच्या गिटार-व्हायोलिन जॅझची, रिदम वाजवून राहिलो. १४० च्या टेम्पोपर्यंत, म्हणजे मिनिटाला १४० मात्रांपर्यंत, सगळं छान चालतं. १८० ला गेलो की दोन मिनिटांत उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगड होतो आणि लय मागे पडते. माझा मित्र व्हायोलिन वाजवतो, त्याला २२० ला वाजवायचं असतं. माझ्यासाठी थांबून थांबून तो कंटाळला आता. रोज एक तास मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून पाच-पाचनं टेम्पो वाढवतो. हातात ताकद यावी म्हणून हँडग्रिपसुद्धा दाबतो. अजून काय करू?

उत्तर : हँडग्रिप आजच कपाटात ठेव आणि परत काढू नकोस. तुझ्या हातात ताकद भरपूर आहे, ती नको तिथे खर्च होते आहे. आणि ती जागा उजव्या हातात नाही, डाव्या हातात आहे.

मला हे कळलं १९८८ च्या मे महिन्यात. मी तेव्हा इथल्या एका ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवायचे. लग्नाचा कार्यक्रम होता. रात्रीचे दहा वाजले तरी अंगाची लाही होत होती आणि एकामागून एक द्रुत गाण्यांच्या फर्माइशी येत होत्या. चौथ्या गाण्यात माझा उजवा हात आखडला, पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, सुटून खाली पडलं. मध्यंतरात मी हात चोळत बसले होते. आमचे तबलजी दादा चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, डावा हात दाखव. बोटांच्या टोकांवर तारांच्या खाचा इतक्या खोल होत्या की दहा मिनिटं झाली तरी गेल्या नव्हत्या. दादा म्हणाले, "पोरी, तार काही पळून नाही चालली. कायले इतकी दाबून राहिली? वाजली की सोड तिले."

जिप्सी जॅझ मी तोवर ऐकलाही नव्हता. पुढे या शैलीचा मूळ गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्या पंचकाची, म्हणजे पाच वादकांच्या संचाची, एक कॅसेट हाती लागली, आणि मग कळलं की दादांनी या शैलीच्या रिदमचं अर्धं शास्त्र मला एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

या रिदमला फ्रेंचमध्ये ‘ला पाँप’ म्हणतात, म्हणजे पंप. चार मात्रा. पहिली आणि तिसरी जाड तारांवर, जरा भरीव. दुसरी आणि चौथी सगळ्या तारांवर, कोरडी, तुटक. धुम्-टक, धुम्-टक. हा ‘टक’ डावा हात करतो. उजव्यानं स्ट्रोक दिला की लगेच डावी बोटं सैल होतात, तारा फ्रेटवरून (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून) सुटतात आणि आवाज तिथेच संपतो. बोटं तारांवरून उचलायची मात्र नाहीत, फक्त दाब काढायचा. मळलेली कणीक बोटानं दाबून बघतो आणि बोट सैल केलं की ती वर येते ना, तेवढीच हालचाल.

आता हिशोब कर. २०० च्या टेम्पोला एक मात्रा ०.३ सेकंदाची. निम्मा वेळ दाब आणि निम्मा वेळ सैल धरलं तर प्रत्येक मात्रेत डाव्या हाताला ०.१५ सेकंद विसावा मिळतो. २२० नं तीन मिनिटं वाजवलंस तर ६६० मात्रा होतात, म्हणजे ६६० विसावे. माझा अंदाज आहे की तू त्यातला एकही घेत नाहीस. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) धरली की ती बदलेपर्यंत दाबून ठेवतोस आणि ‘टक’साठी उजवा तळवा तारांवर आपटतोस. आरशासमोर बसून बघ. तळवा ब्रिजजवळ, म्हणजे तारा पेटीवर जिथे टेकतात तिथे, टेकत असेल तर माझा अंदाज खरा. मग उजव्या हातावर दोन कामं पडतात, वाजवायचं आणि बंदही करायचं. १४० ला ती निभतात, १८० ला निभत नाहीत.

डाव्याच्या आवळण्यानं उजवा कसा ताठतो, ते पटत नसेल तर आत्ताच करून बघ. डाव्या हाताची घट्ट मूठ आवळ आणि उजव्यानं मांडीवर जलद ताल दे. मग मूठ सोड आणि तोच ताल दे. खांद्यात काय फरक पडला तो मला कळव.

म्हणून कॉर्डही अशा धर की सोडायला सोप्या जातील. एका बोटानं सहाही तारा दाबायचा पूर्ण बार इथे कामाचा नाही. ए मायनर सिक्स्थ असा धर : मधलं बोट सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर पाचव्या फ्रेटला, पहिलं बोट चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला, अनामिका आडवी करून तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला. मधल्या बोटाचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकेल, ती मुकी राहील. पहिलीही मुकी. चारच स्वर वाजतात, आणि चार पुरतात. हाच आकार दहाव्या फ्रेटला नेलास की डी मायनर सिक्स्थ. ई सेव्हनला तर तीनच तारा : पाचवी सातव्या फ्रेटला, चौथी सहाव्या, तिसरी सातव्या. महिनाभर या तीन कॉर्ड सोडून दुसरं काही वाजवू नकोस.

उजव्या हाताचंही सांगते. माझी आई परिचारिका होती. पाऱ्याचा थर्मामीटर झटकताना तिचं मनगट कसं हलायचं ते मला अजून दिसतं. दंड जागच्या जागी, मनगट सैल, आणि झटका शेवटच्या क्षणी. दिवसभरात किती थर्मामीटर झटकायची, पण हात दुखल्याची तक्रार कधी तिच्या तोंडून ऐकली नाही. तो हात आठवून वाजव. कोपरापुढचा भाग गिटारच्या कडेवर विसावलेला, मनगट किंचित कमानीसारखं आणि तारांपासून मोकळं, करंगळीसुद्धा कुठे टेकवायची नाही. दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा जोर ताकदीतून येत नाही, पिक तारांवरून किती झपकन जातं त्यातून येतो. आणि पिक जाड हवं, किमान दीड मिलिमीटर. या शैलीतले वादक तीन मिलिमीटर आणि त्याहून जाडही वापरतात. पातळ पिक वाकतं, वाकून परत येईपर्यंत मात्रा निघून जाते.

पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी एक निसटता अपस्ट्रोक येतो, तो तू शिकला असशीलच. हात खालून वर परत जाताना तारांना चाटून गेला, इतकंच त्याचं महत्त्व. मुद्दाम मारायला गेलास की तो पाचवी मात्रा होऊन बसतो. २०० च्या पुढे तो सरळ सोडून दे. पुष्कळ जण सोडतात आणि रिदम उलट स्वच्छ होते.

आता रियाज. पाच-पाचनं वाढवण्याची पद्धत मला मान्य नाही. तिच्यात हात दगड होईपर्यंत वाजवायची सवय लागते, आणि बोटांना तो ताठपणाच पाठ होतो. त्याऐवजी मेट्रोनोम १०० वर लाव आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धर. झाले २००. चार मात्रांचं एक आवर्तन धरलं तर दोन आवर्तनं वाजव, दोन आवर्तनं हात मांडीवर ठेवून नुसता ठोका ऐक. परत दोन वाजव. असं पाच मिनिटं. दोनाची चार, चाराची आठ आवर्तनं तेव्हाच कर, जेव्हा शेवटच्या आवर्तनात खांदा पहिल्याइतकाच खाली असेल. त्याला आठवडा लागो की महिना. टेम्पो सुरुवातीपासून खरा ठेव, वाढव फक्त लांबी. सोबत रोज दहा मिनिटं ९० च्या संथ लयीत फक्त सोडण्याचा रियाज कर. तिथे घाई नसते, म्हणून दाब कधी सुटला ते बोटांना नीट कळतं.

फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड कर. जवळून सगळ्यांनाच आपली रिदम भारी वाटते. मग रोझेनबर्ग त्रयीतल्या नूश रोझेनबर्गची किंवा बिरेली लाग्रेनला साथ करणाऱ्या होनो विंटरस्टाइनची रिदम इअरफोन लावून ऐक. सोलोकडे लक्ष देऊ नकोस, फक्त दुसरी आणि चौथी मात्रा ऐक. त्यांचा ‘टक’ किती आखूड आहे ते मोजत राहा. मी एका उन्हाळ्यात दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट काळजीनं सांगते. दगड होणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर रियाज बंद आणि डॉक्टरांकडे जायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं परीक्षेपायी कळ अंगावर काढली आणि तिची सहा महिने गिटार सुटली. तिला वेळीच थांबवलं नाही, ही चूक माझी.

मित्राला सांग, दोन महिने थांब.

प्रश्न : मी धरमपेठेत राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. ही शैली शिकायची फार इच्छा आहे. माझ्याकडे साधी ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची) गिटार आहे. जँगो वाजवायचे तशी सेल्मर पद्धतीची गिटार मागवावी का?

उत्तर : पहिलं वर्षभर तरी नको. सेल्मर कंपनीनं मारिओ माकाफेरींच्या रचनेवरून १९३२ मध्ये त्या गिटार बनवायला सुरुवात केली, आणि १९५२ पर्यंतच्या वीस वर्षांत हजारही बनल्या नाहीत. आज मिळतात त्या त्यांच्या धर्तीवर बनवलेल्या. तिचा आवाज चटकन उठतो आणि चटकन मावळतो, म्हणून ‘टक’ अर्धा तिच्याकडूनच मिळतो. ड्रेडनॉट गुंजत राहते, तिला डाव्या हातानंच आवरावं लागतं. शिकायला मला तीच बरी वाटते. फक्त तारांचा बाराचा संच (सर्वांत बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची) असेल तर तो काढून अकराचा लावा, डाव्या हाताचे कष्ट लगेच कमी होतील. पुढे सेल्मर पद्धतीची घेतलीत तर तिला चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वेटोळ्याच्या तारा येतात, दहाच्या किंवा अकराच्या.

आणि काका, घ्यायचीच असेल तर आपल्या हवेचा विचार करून घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठक्क. लाकूड आकसतं आणि वरची फळी तडकते. जुलैत तेच लाकूड फुगतं आणि तारा फ्रेटपासून वर जातात. त्यात आपण गिटार कूलरसमोर भिंतीला टांगतो. एका तासात दमट, कूलर बंद झाला की परत कोरडी. तसं करू नका. वाजवून झालं की गिटार केसमध्ये ठेवा. साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडून तिच्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि ती डबी डोक्याच्या बाजूला केसमध्ये ठेवा. उन्हाळ्यात एक दिवसाआड स्पंज बघायचा, पावसाळ्यात डबी काढून टाकायची. माझी जुनी गिटार या डबीवर बावीस उन्हाळे टिकली आहे.

प्रश्न : मी महाल भागात राहतो, आमच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. नातवानं हे जिप्सी जॅझ ऐकवलं. यात ड्रम नाही, तबला नाही, मग ठेका कोण धरतं? आणि हे लोक मूळचे आपल्याकडचे, हे खरं का?

उत्तर : बाबा, ठेका गिटारच धरते. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी पंचक उभं केलं, त्यात ढोल-ताशातलं काही नव्हतं. जँगोचा भाऊ जोसेफ आणि रोजे शापू हे दोघं रिदम गिटारवर, लुई व्होला डबल बासवर. दोन गिटारींनी मिळून तबल्याचं काम केलं. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ मध्ये त्याच्या गाडीघराला लागलेल्या आगीत निकामी झाली होती, तरी तो जे वाजवायचा ते या दोघांच्या भक्कम साथीवर उभं असायचं. साथ करणाऱ्यांची नावं कोणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतली. ते तुम्हाला मी काय सांगायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. जँगोची जमात स्वतःला मानूश म्हणवते, आणि रोमानी, म्हणजे जिप्सींच्या, भाषेत या शब्दाचा अर्थ माणूस. त्या भाषेत पाण्याला पानी आणि कानाला कान म्हणतात. साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्येकडून निघाले. संगीत मात्र आपल्याकडून गेलेलं नाही. ते अमेरिकेचा जॅझ आणि पॅरिसच्या नाचघरांतलं संगीत यांच्यातून तिथेच घडलं.

तुमच्या हाताला हा ठेका सुरुवातीला उलटा वाटेल. आपला कान वजन समेवर शोधतो. इथे पहिली मात्रा हलकी ठेवून वजन दुसऱ्या-चौथीवर टाकतात. नातवाला वाजवायला बसवा आणि तुम्ही फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी धरा, मेट्रोनोमपेक्षा ती हजारपट चांगली. मानेवाड्याच्या त्या मुलाला अशीच टाळी हवी आहे. तुमची हरकत नसेल तर मासिकाकडून त्याला तुमचा पत्ता कळवते. मानेवाडा महालापासून फार लांब नाही.