प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल बंद करू का?

प्रिय ताई,

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावाहून तुम्ही लिहिलेले पत्र मिळाले. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या हंगामात, दुसऱ्या महिन्यात तुमचा गर्भ पडला. आता सातव्या आठवड्यात कपड्यांवर तांबूस डाग दिसले, सोनोग्राफीत बाळाचे ठोके मात्र व्यवस्थित आढळले, आणि डॉक्टरांनी योनिमार्गात ठेवण्याच्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल दिल्या. सासूबाईंच्या मते हे औषध गरम पडेल, आणि मागचा गर्भही तुम्ही पऱ्हाटीत वाकून कापूस वेचल्यामुळेच गेला. ‘माझ्याच अंगात काही कमी आहे का?’ असे तुम्ही विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण तोच तुम्हाला आतून पोखरतो आहे. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते, आणि ती बहुधा गर्भधारणेच्या वेळीच झालेली असते; वेचणीने ती होत नाही. अशा वेळी रक्तात प्रोजेस्टेरॉन कमी आढळले, तरी पुष्कळदा तो गर्भ न वाढल्याचा परिणाम असतो, त्याचे कारण नव्हे. तुमच्या हातून काही चुकलेले नाही, हे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे.

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक प्रत्येक स्त्रीच्या शरीरात तयार होते. अंडाशयातून बीज बाहेर पडले की मागे उरलेली पिवळसर ग्रंथी ते स्रवू लागते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे होते आणि अंगाचे तापमानही किंचित वाढते. गर्भ राहिला नाही, तर ही ग्रंथी सुकते, प्रोजेस्टेरॉन घटते आणि पाळी येते. गर्भ राहिला, तर गर्भाकडून येणारे संप्रेरक त्या ग्रंथीला जागते ठेवते आणि साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन स्रवण्याचे काम वार स्वतःकडे घेते. गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचनापासून शांत ठेवणे, हे प्रोजेस्टेरॉनचे पुढील महिन्यांतले मोठे काम. बद्धकोष्ठ, छातीत जळजळ आणि दिवसाही येणारी झोप यांमागेही बऱ्याच अंशी तेच असते.

म्हणून जे संप्रेरक या दिवसांत अंगात भरपूर असतेच, ते कॅप्सूलमधून घेतल्याने ‘गरम’ पडेल, ही भीती मनातून काढून टाका. मात्र ते हमखास गर्भ राखते, असेही मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ४,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी गर्भपात झालेला असून पुन्हा रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांपैकी हे औषध घेणाऱ्या सुमारे ७५ टक्के आणि न घेणाऱ्या सुमारे ७० टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. बाळांमधील जन्मजात दोष वाढलेले आढळले नाहीत. फायदा थोडाच, पण तुमची स्थिती नेमकी हीच असल्याने औषध मनाने बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅप्सूल ठेवल्यावर थोडा वेळ पडून राहा. नंतर पांढरट, तेलकट स्राव कपड्यांना लागेल. औषध वाया गेले असे समजून दुसरी ठेवू नका, पॅड वापरा. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, तेव्हा शेंगदाण्याने अंगावर पित्त उठत असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा. झेपेल तेवढे नेहमीचे काम चालेल, परंतु फवारणी चाललेल्या किंवा नुकतीच झालेल्या शेतात पाऊलही टाकू नका.

तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, पोटात एका बाजूला असह्य कळ, चक्कर किंवा ताप, यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करून दवाखाना गाठा.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. त्यांच्या बोलण्यामागे नातवंड पुन्हा हातचे जाण्याची धास्ती असावी, आणि वेचणीबद्दलचा खुलासा डॉक्टरांच्या तोंडून त्यांना अधिक पटेल. त्याच वेळी कॅप्सूल कितव्या आठवड्यापर्यंत घ्यायच्या, हे चिठ्ठीवर लिहून मागा.

तुमची,
ताई