घराबाहेर मॅटर्निटी (गरोदरपणातले) फोटो काढायला शिकतोय, सुरुवात कशी करू?

कॅमेरा आहे तोच वापरा. खर्च करायचाच तर ५० एमएम एफ १.८ लेन्सवर करा. तुलनेने स्वस्त पडते आणि मागचं छान धूसर होतं.

खरा खेळ उजेडाचा. मावसबहिणीचे पहिले फोटो मी भर दुपारी बाराला काढले. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, कपाळ चमकतंय, सगळे वाया. आता सूर्यास्ताआधीचा तासच धरतो. सूर्य गरोदर बाईच्या पाठीमागे ठेवायचा आणि समोरून नवऱ्याला थर्माकोलची पांढरी शीट धरायला लावायची. चेहरा लगेच उजळतो (आणि नवराही कामाला लागतो).

अगदी समोरून काढलं तर पोट सपाट दिसतं. तिला थोडं तिरकं उभं करा, वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, एक हात पोटाच्या वर, एक खाली. साडी असेल तर पदर सैल सोडून चालत नाही, पोटाचा आकारच झाकला जातो.

अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ २.८, शटरचा वेग १/२०० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. फोकस जवळच्या डोळ्यावर.

२८ ते ३४ आठवडे हा काळ बरा, म्हणजे डोहाळजेवणाच्या आसपास. सोबत घडीची खुर्ची आणि पाणी न्याच, दर दहा मिनिटांनी तिला बसवा. आणि पावसाळ्यात ते शेवाळलेले कातळ, धबधबे अजिबात नकोत, फोटो कितीही भारी येणार असला तरी.