कार्बोरेटरच्या जिप्सीला फ्युएल इंजेक्शन: त्यासाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: वडिलांच्या वेळची १९९८ ची जिप्सी किंग आहे, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. मागचा भाग मोकळा ठेवून पिकअपसारखी वापरतो. राहायला नागपुरात, संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका काटोलकडे. वर्षाला साधारण ७,००० किलोमीटर रनिंग, ॲव्हरेज ८. मागच्या मे महिन्यात चार वेळा रस्त्यात बंद पडली, दर वेळी २,५०० रुपये देऊन छोटा हत्ती बोलवावा लागला. गॅरेजवाले म्हणतात, फ्युएल इंजेक्शनचं किट बसवा, १,४५,००० रुपये लागतील, ॲव्हरेज १२ होईल. बँकेत ३ लाखांची एफडी आहे, शिल्लक म्हणाल तर तेवढीच. घरखर्च महिना ४५,०००. मुलगी इंजिनीअरिंगला आहे, जुलैत १,१०,००० फी भरायची. एफडी मोडू की गोल्ड लोन काढू?

उत्तर: एफडी मोडू नका आणि घरातलं सोनंही गहाण ठेवू नका. उन्हाळा लागायच्या आत २५,००० रुपयांच्या आत बसेल एवढं कार्बोरेटरचं आणि पेट्रोल लाइनचं काम नीट करून घ्या. किटचा विषय २०२८ पर्यंत बाजूला ठेवा.

गॅरेजवाले तुम्हाला फसवत आहेत असं मला वाटत नाही. इंजेक्शन चांगलंच असतं. मारुतीनेही २००० साली जिप्सीला एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनचं इंजिन दिलं. पण त्यांनी तुलना केली आहे ती आजच्या तुमच्या आजारी गाडीची आणि नव्या किटची. ८ चं ॲव्हरेज ही त्या गाडीची मूळ प्रकृती नाही. जेट (पेट्रोल मापात सोडणारी बारीक भोकं) झिजलेत, फ्लोटची लेव्हल बिघडली आहे, चोक पूर्ण उघडत नाही, असं काहीतरी त्यामागे बहुधा असणार. म्हणून तुलना नीट दुरुस्त केलेल्या कार्बोरेटरशी करायची. तशी केली की चित्र पार बदलतं.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. आज ७,००० किलोमीटरला ८७५ लिटर जातं, म्हणजे ९१,००० रुपये. कार्बोरेटर ओव्हरहॉल, नवे प्लग, टायमिंग, एअर फिल्टर एवढं करून ॲव्हरेज साडेनऊवर आलं, तर वर्षाला साधारण १३८ लिटर, म्हणजे १४,००० रुपयांच्या वर वाचतात. आता त्याच गाडीला किट बसवलं आणि ॲव्हरेज साडेदहा झालं असं समजा. १२ मी धरत नाही. मागे कलमांचे क्रेट भरलेल्या जिप्सीकडून ती अपेक्षा कागदावरच ठीक. साडेनऊवरून साडेदहावर जाताना वर्षाला आणखी ७० लिटर वाचतं, म्हणजे ७,३०० रुपये. या ७,३०० साठी तुम्ही जास्तीचे १,२०,००० ते १,३०,००० घालणार. वसूल व्हायला सोळा ते अठरा वर्षं लागतील, आणि गाडी आजच अठ्ठावीसची आहे. तेच १,२०,००० एफडीत साडेसहा टक्क्यांनी पडून राहिले तरी वर्षाला ७,८०० देतात.

वर्षाला २०,००० किलोमीटर रनिंग असतं, तर याच हिशेबाने वर्षाला २०,००० च्या वर वाचले असते, किटचे पैसे सहा वर्षांत सुटले असते आणि मी वेगळं बोललो असतो.

ॲव्हरेजपेक्षा मला जास्त खटकतं ते मे महिन्यातलं बंद पडणं. चार वेळा छोटा हत्ती म्हणजे १०,००० रुपये, आणि ४५ डिग्रीच्या उन्हात उभी राहिलेली कलमं सुकली तर त्याचा हिशेब वेगळा. पण हा आजार ओळखीचा आहे. गाडी चांगली चालते, काटोल रस्त्यावर फेटरीजवळ चहाला दहा मिनिटं थांबता, परत सेल्फ मारता तर घेत नाही, आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. असं होत असेल तर पेट्रोलची वाफ होते आहे. इंजिनावरचा मेकॅनिकल पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढलं की पाइपातला दाब कमी होतो, आणि तापलेल्या पाइपात कमी दाबाला वाफ लवकर धरते. शिवाय बंद केलेल्या इंजिनाची धग वर चढून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळवते. इंजेक्शनमध्ये टाकीकडचा पंप दोन-तीन बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो, म्हणून तिथे हा त्रास क्वचितच होतो. एवढ्यापुरतं गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

मात्र याच आजारावर स्वस्त इलाजही आहे. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून फिरवायचा, त्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवायची, कार्बोरेटरखालचं इन्सुलेटर पॅकिंग नवं टाकायचं, टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन चोकअप आहे का ते पाहायचं, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवायचा. पंप बसवलाच तर इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल असा रिले टाकायलाच लावा. अपघातात पंप पेट्रोल फेकत राहणं जिवावर बेतू शकतं, तिथे काटकसर करू नका.

त्याच हातासरशी रबरी पाइप सगळे बदला. २०२५ पासून बहुतेक पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं आहे आणि १९९८ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, भेगाळतं. ते पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी दिसते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. चांगला मिस्त्री जेट एक नंबर मोठा टाकून ते सावरतो. आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेजमधली थोडी घट इंधनाचीच आहे. ती कोणतंही किट भरून काढणार नाही.

आता कोटेशनकडे वळू. १,४५,००० मध्ये टाकीची सफाई आहे का? आतून गंजलेल्या टाकीतला कचरा कार्बोरेटर एक वेळ सहन करतो, इंजेक्टर करत नाही. ऑक्सिजन सेन्सरसाठी सायलेन्सर पाइपाला वेल्डिंग, नवं वायरिंग, पंप आणि ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) यांचा भार पेलणारा अल्टरनेटर, बसवल्यानंतरचं ट्यूनिंग, हे धरलंय का? नसेल तर आकडा पावणेदोन लाखांकडे सरकेल. आणि काटोलला जाताना ईसीयू गेला, तर टोचन लावून नागपुरात आणायची आणि पार्टची वाट बघायची. कार्बोरेटर रस्त्यावरचा कुठलाही मिस्त्री अर्ध्या तासात उघडून साफ करून देतो. रोपांच्या सीझनमध्ये या गोष्टीला मोल आहे.

एखाद्या भंगारातल्या एमपीएफआय जिप्सीचं इंजिन स्वस्तात टाकून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं आहे. तुमची नोंदणी २०२८ मध्ये पुन्हा नूतनीकरणाला येईल. २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीसाठी ते शुल्क १०,००० रुपये झालंय, ग्रीन टॅक्स वेगळा. त्या वेळी इन्स्पेक्टर बॉनेट उघडणारच. विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडवू शकते. साधं किट बसवायचं ठरलं तरी आधी आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या.

पैशाची बाजू तर आणखी नाजूक आहे. ३ लाखांतून १,४५,००० काढले तर उरतात १,५५,०००. पाऊस लांबला की रोपांची विक्री लांबते, कॉलेजची फी मात्र लांबत नाही. ती याच एफडीतून गेली तर हातात ४५,००० राहतात, म्हणजे एका महिन्याचा घरखर्च. त्याच महिन्यात घरात कुणी आजारी पडलं तर? गोल्ड लोनमध्ये एफडी शाबूत राहते, पण वर्षाला ७,३०० वाचवण्यासाठी नऊ टक्क्यांनी घेतलं तरी पहिल्याच वर्षी १३,००० व्याज द्यायचं, हे गणित बसत नाही. करवजावटीची आशाही धरू नका. उत्पन्न शेतीचं आणि करमुक्त असेल तर घसारा दाखवून काही हाती लागणार नाही.

गाडी वडिलांची आहे, हे तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलंत. ती विकून जुना पिकअप घ्या असं मी म्हणणार नाही. ती सांभाळावीशी वाटणं योग्यच आहे आणि त्यासाठी खर्च करणंही योग्य आहे. फक्त त्या खर्चाला स्वतःचा खिसा हवा. मेनंतर छोट्या हत्तीचं भाडं वाचायला लागेल, पेट्रोलचेही वाचतील. त्यात भर घालून महिना ४,००० ची आरडी सुरू करा. दोन वर्षांत ९६,००० मुद्दल जमेल. तोवर मुलीचं शिक्षण संपत आलेलं असेल आणि नोंदणीचाही निकाल लागलेला असेल. त्यानंतरही किट हवंच वाटलं, तर रोपांच्या विक्रीच्या हंगामात हातात येणाऱ्या पैशातून उरलेले घाला आणि बिनधास्त बसवा. तेव्हा ॲव्हरेजचा हिशेब मी विचारणार नाही.

सध्या एवढं करा: काम झाल्यावर टाकी फुल, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत फुल, मधले किलोमीटर आणि लिटर डायरीत लिहून ठेवा. तीन-चार वेळा तरी, आणि त्यातली एक फेरी मे महिन्यातल्या भर दुपारची, क्रेट भरून. साडेनऊच्या खाली राहिलं, किंवा गाडी पुन्हा बंद पडली, तर ते आकडे मला पाठवा.