तळ्याकाठच्या 12 तासांच्या धावेविषयी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

आपल्या सोलापुरातच, तळ्याकाठच्या एक किलोमीटरच्या फेरीवर 12 तास धावण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर पुरे झाले की शर्यत संपते; इथे मात्र वेळ ठरलेली आहे आणि अंतर तुला कमवायचे आहे. वेगाने धावले म्हणून लवकर सुटका होत नाही, ही गोष्ट पहिल्या तासातच पचवावी लागते.

छोट्या फेरीवर सर्वांत जास्त अंतर गमावले जाते ते खाण्यापिण्याच्या टेबलापाशी. दर फेरीला ते समोर येते, तिथे ओळखीची माणसे असतात, खुर्ची असते. समज, तुझ्या 75 फेऱ्या होणार आहेत आणि प्रत्येक फेरीला तू तिथे एकच मिनिट थांबतेस, तर सव्वा तास नुसता उभे राहण्यात जातो. तेवढ्या वेळात साध्या चालीनेही सहा-सात किलोमीटर झाले असते. म्हणून जे हवे ते मागच्या फेरीलाच सांगून ठेवावे, हातात घ्यावे आणि चालता चालता खावे. खुर्चीवर फक्त बूट-मोजे बदलण्यासाठी किंवा फोड आला तर त्यावर पट्टी लावण्यासाठी बसावे. खडा टोचला तर मात्र त्याच क्षणी थांब. तिथे वाचवलेले मिनिट पुढे फार महाग पडते.

चालण्याचे टप्पे पाय थकण्याची वाट न पाहता पहिल्या फेरीपासून ठेव. चढाचा तुकडा किंवा एखादे झाड ठरवून घे आणि दर फेरीला तिथे चाल. लिथुआनियाच्या अलेक्झांडर सोरोकिन याने 2022 मध्ये व्हेरोना येथे 24 तासांत 319.614 किलोमीटर धावून विश्वविक्रम केला. त्याची सरासरी किलोमीटरला साधारण साडेचार मिनिटे होती. हाच धावपटू 100 किलोमीटरची धाव किलोमीटरला 3 मिनिटे 40 सेकंदांच्या आसपास धावला आहे. पहाटेच्या गारव्यात तुला आपला वेग फारच कमी वाटू लागेल, तेव्हा हा फरक आठव.

आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारचे ऊन चटकते. टोपी आणि मानेवरचा रुमाल भिजवत राहा, आणि त्या तीन-चार तासांत वेग उतरला तर उतरू दे. पाणी तहानेप्रमाणे पी. नुसते पाणी अति पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते. बोटे सुजणे, डोके दुखणे, मळमळणे, भ्रमल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे तुझ्या मदतनीसांनाही माहीत असली पाहिजेत. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत: केळे, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, लिंबू-साखर-मिठाचे पाणी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी धाव संपल्यावर पोटभर खा, आधी नको. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कोणी आग्रहाने दिली तरी घेऊ नकोस. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडांवर घाला घालते. लघवी गडद तपकिरी झाली, तर धाव सोडून थेट डॉक्टरांकडे जायचे.

एकाच दिशेने वळत राहिल्याने एका बाजूचा घोटा आणि कंबर दुखू लागते, म्हणून अनेक ठिकाणी ठरावीक तासांनी दिशा बदलतात. इथला नियम आयोजकांना आधीच विचार. शेवटची अपुरी फेरीही मोजतात का, तेही विचारून घे. मोजत असतील, तर तुझ्या क्रमांकाची खूण हातात देतात आणि भोंगा वाजताच ती आहे तिथेच ठेवायची असते, म्हणून अखेरच्या मिनिटालाही धावत राहा.

सरावासाठी रविवारी पहाटे कंबर तलावाकडे जाशील, तेव्हा टेबलावर ठेवायचे सगळे जिन्नस बरोबर घेऊन तेच खाऊन पाहा, आणि पोटाने काय मानले, काय नाकारले ते मला सविस्तर कळव.

तुझे,
काका