ट्रॅक्टरला विमाच नाही, भरपाई कोण देणार?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. डिसेंबरात पन्हाळ्याहून येताना केर्लीजवळ उसाच्या ट्रॅक्टरनं आमच्या गाडीला ठोकलं. मिसेसच्या मनगटाचं हाड मोडलं. गाडी सहा वर्षांची आहे, गॅरेजवाल्यानं खर्च ९२,००० सांगितलाय. पोलिसांत गुन्हा नोंदवलाय, ट्रॅक्टर ठाण्यात उभा आहे. त्याचा विमा कधीच संपलेला निघाला. मालक ओळखीचाच, म्हणतो, वीस हजार घ्या, स्टॅम्पवर लिहून द्या, मिटवून टाकूया. माझी फर्स्ट पार्टी पॉलिसी आहे, पण चूक त्याची असताना माझा बोनस का घालवू, म्हणून कंपनीला अजून कळवलेलं नाही. टेक्सासमधली मुलगी सांगते, तिच्या पॉलिसीत बिनविम्याच्या गाड्यांसाठी वेगळं कव्हर आहे. आपल्याकडे तसं मिळतं का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी स्टॅम्पचं. सही करू नका. मालकाला एवढी घाई का, ते समजून घ्या. गळीत हंगाम सुरू आहे आणि ट्रॅक्टर ठाण्यात अडकलाय. विमा नसलेल्या वाहनानं अपघात केला, तर मालकानं पुरेसं तारण दिल्याशिवाय न्यायालयानं ते वाहन सोडू नये, असा नियम आहे. तुमच्या हातात आज जोर आहे तो एवढाच. वीस हजारांत 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून दिलंत, की तो जोर गेला. ओळखीचा माणूस आहे, गावात तोंड दाखवायचं आहे, हे मला कळतं. पण मोडलेलं मनगट तुमच्या घरातल्या माणसाचं आहे.

आता गाडी. शाहूपुरीतल्या विमा कंपनीच्या ऑफिसात मोटार क्लेमच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. बोनस वाचवायला क्लेम न करणारे लोक तिथं रोज भेटायचे. हिशेब करून बघा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो, आणि तो सबंध प्रीमियमवर नसतो, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरता त्या भागावर असतो. थर्ड पार्टीच्या रकमेला त्याचा काही संबंध नाही. गेल्या वर्षीची पॉलिसी काढा, 'ओन डॅमेज' लिहिलेला आकडा बघा, आणि तो ९२,००० शेजारी ठेवा. आजच कंपनीला कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडीच्या कामाला हात लावू देऊ नका. उशीर का झाला, ते खरं ते लिहून द्या.

पूर्ण ९२,००० मात्र मिळणार नाहीत. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे जुनेपणाची वजावट (घसारा) न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं नसेल, तर पाच वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापतात. काचेवर कापत नाहीत. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,००० तुमच्याच खिशातून जातात. ही खाली राहिलेली रक्कम ट्रॅक्टरमालकाकडून मागता येते. कंपनीनं दिलेले पैसे ती स्वतः त्याच्याकडून वसूल करू शकते, ती तिची बाब. तुम्ही गॅरेजचं बिल आणि कंपनीचा हिशेबाचा कागद दोन्ही जपून ठेवा.

वहिनींचा दावा वेगळा, आणि माझ्या दृष्टीनं तोच मोठा. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर त्यांना लागू होणार नाही. ते गाडीच्या मालकासाठी, तो स्वतः चालवत असतानाचं आहे, आणि मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वावरच पैसे देतं. दवाखान्याचं बिल आरोग्य विम्यातून घ्या. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात, चालक आणि मालक दोघांना प्रतिवादी करून अर्ज करा. दोन वाटा आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ : गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख, चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. किंवा कलम १६६ : चूक सिद्ध करायची, मग उपचार, बुडालेली कमाई, पुढचा त्रास यांचा खरा हिशेब मागायचा. कुठली वाट धरायची, ते वकिलाला वैद्यकीय कागद दाखवून ठरवा. विमा कंपनी नाही म्हणून मालक सुटत नाही, निकाल त्याच्या मालमत्तेवर बजावता येतो. वेळ लागतो, हे लपवत नाही.

(ट्रॅक्टर पळून गेला असता आणि सापडलाच नसता, तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाखांची सरकारी योजना आहे. तुमच्या बाबतीत ती लागू नाही.)

मुलगी सांगते ते बरोबर आहे. टेक्सासमध्ये सक्तीचा विमा एका जखमी माणसामागे फक्त ३०,००० डॉलरचा असतो. समोरच्याकडे तेवढाच असला आणि इजेचा खर्च ८०,००० झाला, तर उरलेले ५०,००० तिच्याच पॉलिसीतलं 'अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट' कव्हर देतं, अर्थात तिनं तेवढी मर्यादा घेतली असेल तर. विमाच नसलेल्यासाठी, आणि ठोकून पळालेल्यासाठीसुद्धा, 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट'. पळालेल्याच्या बाबतीत गाडीला गाडी प्रत्यक्ष लागलेली असावी लागते. तिथं कंपनीला हे कव्हर द्यावंच लागतं, नको असेल तर ग्राहकानं तसं लेखी कळवायचं. मुलीला म्हणावं, प्रीमियम कमी करायला ते काढू नकोस.

आपल्याकडे या नावाचं कव्हर गाडीच्या पॉलिसीत येत नाही. समोरच्याचा विमा अपुरा पडण्याचा प्रश्न शरीराच्या इजेत आपल्याकडे येत नाही, कारण थर्ड पार्टीत मृत्यू-दुखापतीला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेला आहे, साडेसात लाख. पण विमाच नसला, तर सगळं मालकाच्या ऐपतीवर येतं. बिनविम्याचं वाहन चालवण्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे आणि मला तो फार थोडा वाटतो. म्हणून आपलं संरक्षण आपणच जोडून घ्यायचं : गाडीला फर्स्ट पार्टी, घरातल्या प्रत्येकाला आरोग्य विमा, आणि पॉलिसीत प्रवाशांसाठीचं अपघात कव्हर. हे शेवटचं एजंट आपणहून क्वचितच सांगतो. या नूतनीकरणाला तुम्ही मागून घ्या.

न्यायाधिकरणातल्या अर्जाला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचा अपघात डिसेंबरातला, म्हणजे जूनची वाट बघू नका. एफआयआर, पंचनामा, एक्स-रे आणि बिलांच्या प्रती घेऊन याच महिन्यात वकिलाकडे जा.